बाळंतिणीच्या खोलीतले मासे

सुपा, रविवार, ता. २४ नोव्हेंबर १९१२

मासे आले. लोंढ्याहून बैलगाडीत हिंदकळत आलेला पत्र्याचा डबा शाळेच्या ओट्यावर उघडला, तेव्हा चाळिसांपैकी सदतीस जिवंत होते. माझे सहाध्यायी रामचंद्रराव मुंबईस एका डॉक्टरांच्या प्रयोगशाळेत काम करतात. हे मासे त्यांनीच पाठवले. सोबतच्या चिठीत ते लिहितात की, हे समुद्रापलीकडील उष्ण बेटांवरचे प्राणी; आकाराने बोटाच्या पेराएवढे, परंतु डासांच्या अळ्यांवर त्यांची भूक राक्षसाची. शिवाय अंडी न घालता हे जिवंत पिले देतात.

हिवताप डासांपासून होतो, हे आता निर्विवाद ठरले आहे. विहिरीत मासे, म्हणून अळ्या नाहीत. अळ्या नाहीत, म्हणून डास नाहीत. डास नाहीत, म्हणून ताप नाही. ही साखळी मी मुलांना फळ्यावर काढून दाखवली. फळ्यावर लिहिता येण्याजोगी नव्हती, ती कडी येथे लिहितो. आमचा वासू याच तापाने गेला, त्याला चौदा महिने झाले. साडेचार वर्षांचा होता. अनुसयेला आता पुन्हा नववा लागला आहे. हे मूल तापाचा पहिला पावसाळा पाहील, त्याआधी आमच्या विहिरीत हे मासे शेकड्यांनी असले पाहिजेत. आज सदतीस सोडले तर बेडूक आणि मरळ त्यांचा फराळ करतील. म्हणून काचपेटीत वंश वाढवायचा आणि चैत्रात सोडायचे.

अडचण एकच. पाणी फॅरनहाइटच्या सत्तर अंशांखाली जाऊ नये, आणि साठांखाली गेल्यास मासे मरतील, अशी रामचंद्ररावांची ताकीद आहे. शाळेच्या खोलीत आज पहाटे उष्णतामापक अठ्ठावन्न दाखवीत होता.

शुक्रवार, ता. २९ नोव्हेंबर

उष्णता ही पळपुटी वस्तू आहे. ती काचेतून जाते, वरच्या वाफेतून जाते, खालच्या फरशीत मुरते. तिचा प्रत्येक मार्ग अडवणे हेच शास्त्र. काचपेटीभोवती फळ्यांची दुसरी पेटी केली आणि मधल्या चार बोटे जागेत सागवानाचा भुसा ठासून भरला. वर काचेचे झाकण, खाली भाताच्या तुसाची गादी. पाहण्यासाठी पुढच्या बाजूस एक खिडकी ठेवली.

अनुसया कमरेवर हात ठेवून पाहत होती. म्हणाली, "वासूला कधी एवढी मऊ गादी केली नव्हती हो तुम्ही." मग हसून, "दुलई शिवू का त्यांना? छत्तीस लागतील."

"पस्तीस," मी म्हणालो. दोन काल गेले होते.

पहाटे पाणी चौसष्ट. सुधारणा आहे, पुरेशी नाही.

रविवार, ता. ८ डिसेंबर

काळी नदीवरून येणारे धुके दहा वाजेपर्यंत उठत नाही. पाण्यात कढत पाण्याचे तांबे बुडवून पाहिले. तांबे मेणाने बंद करून तीन-तीन तासांनी बदलावे लागतात, आणि बदलताना जो चढउतार होतो त्याने मासे अधिक मरतात. उरले एकोणतीस. सिद्धांत असा: थोडी उष्णता सतत द्यावी, एकदम पुष्कळ देऊ नये.

झिलू कोळशाची पोती घेऊन आला होता. हा कुणबी, वयाने पन्नाशीचा; रानात भट्ट्या लावून कोळसा पाडतो आणि आठवड्याला दोनदा गावात विकतो. पेटीपुढे उकिडवा बसून त्याने बराच वेळ पाहिले.

"मास्तर, ह्ये खायाचं कवा?"

"खायचे नाहीत, झिलू. पाळायचे."

"मग कालवणाशिवाय एवडा खटाटोप?" तो म्हणाला. "आमची म्हातारी म्हनती, मास्तरांना येड लागलंय. मी म्हनलं, न्हाई गे, शिकल्याली मानसं अशीच अस्त्यात."

त्याची म्हातारी म्हणजे पुतळीअक्का, झिलूची मावशी. या टापूतल्या निम्म्या लेकरांची नाळ तिने कापली आहे. अनुसयेची आई हयात नाही, त्यामुळे बाळंतपण येथेच आणि तिच्याच हातून व्हायचे आहे.

सोमवार, ता. ९ डिसेंबर

पुतळीअक्काने आज बाळंतिणीची खोली लावली. माजघरामागची लहान खोली, एकच दार, एकच झरोका. शेणाने सारवली, बाज टाकली, बाजेखाली शेगडी ठेवली आणि दाराला घोंगडे टांगले. मी सहज उष्णतामापक आत धरला आणि तो पाहून थक्क झालो. त्र्याहत्तर अंश.

ज्याच्या शोधात मी पंधरा दिवस होतो, ते आमच्या आया-आज्यांनी कधीच शोधून ठेवले आहे. बाळंतिणीची खोली म्हणजे सव्वा महिना, अहोरात्र, मंद आणि सतत उष्णता. काचपेटी तेथेच ठेवावी, हे इतके उघड होते की आधी का सुचले नाही, याची लाज वाटली.

पुतळीअक्काने तोंडाला पदर लावला. "एका खोलीत दोन बाळंतिनी? तुमची मासळीबी पोटुशी दिसती. शेक कुनाला आदी देऊ?"

अनुसया हसली आणि म्हणाली, "राहू दे गं अक्का. मला सोबत होईल."

झिलूच्या मदतीने पेटी आत नेली. बाळंतपणानंतर दहा दिवस सोयर असल्याने मला आत जाता यायचे नाही. मी स्वतः ही शिवाशीव मानीत नाही. पण पुतळीअक्काशी वाद घालणे म्हणजे नदीशी वाद घालणे. तोड निघाली. अनुसयेला आकडे वाचता येतात, मीच शिकवले आहेत. ती आतून वाचील, मी घोंगड्याबाहेर उभा राहून टिपीन.

बुधवार, ता. ११ डिसेंबर

सकाळी साडेनऊ वाजता कन्या झाली. दोघी सुखरूप. पुतळीअक्काने घोंगडे बाजूला करून दाखवली. वासूसारखेच कपाळ आहे.

दुपारी पाणी बहात्तर.

शुक्रवार, ता. १३ डिसेंबर

एक दोष दिसला. पुतळीअक्का लाकडाचे निखारे वापरते. धुराने पेटीच्या झाकणावर काजळी बसते, आणि त्या धुरासाठी झरोका उघडा ठेवावा लागतो, म्हणजे अर्धी उष्णता आकाशाला. कोळशाला धूर नसतो. आजपासून कोळसा.

झिलू म्हणाला, "कोळसा भाईर फुलवायचा, मास्तर. निळी ज्योत पार मेली, वर पांडरी राख धरली, की मगच आत न्यायचा. आनि दार लावायचं न्हाई."

"का?"

"डोस्क्यात चडतो. आमी भट्टीच्या वाऱ्याखाली निजत न्हाई."

निरीक्षण खरे असते, पण त्याचे कारण अडाणी माणसाला ठाऊक नसते. भट्टी म्हणजे मातीखाली कोंडलेला धूर. तेथे घुसमट होणारच. येथे धूर मुळीच नाही. शिवाय बाहेर फुलवायला ठेवलेला कोळसा आपली एक तृतीयांश उष्णता अंगणाला देऊन टाकतो. मी कोळसा शेगडीतच, आतच पेटवायला सांगितले. पुतळीअक्का आणि मी मिळून झरोका बाहेरून चिखलाने लिंपला. "मिळून" म्हणजे मी लिंपला आणि ती बडबडली.

रविवार, ता. १५ डिसेंबर

सकाळी पंचाहत्तर, दुपारी सत्त्याहत्तर, सायंकाळी शहात्तर. तीन दिवसांत एकही मासा दगावला नाही. घोंगड्याखाली फट राहत होती, ती तागाच्या पोत्याने बुजवली. रामचंद्ररावांना सविस्तर पत्र लिहायला घेतले आहे. थंड मुलुखातील कोणत्याही घरात, निराळा खर्च न करता ही रीत वापरता येईल.

अनुसया म्हणते, डोके जड असते. बाळंतिणीचे रक्त कमी झालेले असते. डिंकाचे लाडू सुरू केले आहेत. खाल्लेले पोटात ठरत नाहीत.

मंगळवार, ता. १७ डिसेंबर

पुतळीअक्काने आज वाद काढला. ती सकाळी न्हाऊमाखू घालायला येते, तेव्हा तासभर दार उघडे असते.

"मास्तर, दार उघडलं की बाय मानसात येती. लावलं की पुन्हा गपगार. प्वार तर दूद बी वडत न्हाई. खोली कोंदलीया."

हवा दूषित आहे की नाही, हे भांडून ठरत नाही. त्यास कसोटी आहे. कोळसा जळताना कार्बानिक आम्ल वायू होतो. तो हवेहून जड, म्हणून जमिनीलगत साचतो, आणि त्यात दिवा विझतो. मी अनुसयेला पणती जमिनीवर, शेगडीशेजारीच ठेवायला सांगितले. पाऊण तास ज्योत स्थिर जळली. पुतळीअक्काला बोलावून फटीतून दाखवली.

ती ज्योतीकडे पाहत म्हणाली, "दिव्याला काय विचारतायसा? तिला विचारा की."

विचारले. अनुसया म्हणाली, "झोप येते हो. नुसती झोप येते." बाळंतिणीला झोप येणे हे उत्तम लक्षण. मूलही शांत आहे, रडत नाही. वासूने आम्हांला तीन महिने झोपू दिले नव्हते.

गुरुवार, ता. १९ डिसेंबर

आज पेटीत पिले झाली. अनुसयेने आधी नऊ सांगितली, मग चौदा, मग म्हणाली मोजता येत नाहीत. पुतळीअक्काने बोटांवर मोजली: अकरा. एकोणतीस आणि अकरा, चाळीस. मुंबईहून निघाले होते तितके पुन्हा झाले. मी मुलांना अर्धी सुटी दिली.

अनुसयेचे वाचन मात्र बिघडले आहे. सकाळी तिने सदुसष्ट सांगितले. मी घाबरून आणखी कोळसा टाकायला लावला. पुतळीअक्काने पेटीच्या पाण्यात बोट बुडवले आणि म्हणाली, ऊन हाय की. उष्णतामापक बाहेर मागवून पाहिला, तर शहात्तर. आकड्यांची उलटापालट. मी जरा कडक बोललो. इतके दिवस नीट वाचणाऱ्या बाईने दुर्लक्ष करावे, याचा राग आला. थोड्या वेळाने आतून ओकारीचा आवाज आला.

शनिवार, ता. २१ डिसेंबर

सोयर काल फिटले. आज सकाळी मी प्रथमच मुलीला हातांत घेणार होतो.

पुतळीअक्काने दार उघडले, तेव्हा ती अनुसयेच्या कुशीत होती आणि गेलेली होती. गाल गुलाबी होते. अंगावर कोठे खूण नाही. अनुसया हाका मारून, गदागदा हलवून जागी करावी लागली. आणि जागी झाल्यावरही काय झाले हे तिला कळायला फार वेळ लागला.

उद्या बारावा दिवस. नाव ठेवायचे होते.

रविवार, ता. २२ डिसेंबर

पोलीसपाटलांनी नोंदीसाठी कारण विचारले. मी "थंडी" असे लिहवले. गावातल्या बाया निराळे बोलतात, ते कानावर आले: गाढ झोपेतल्या आईच्या अंगाखाली मूल आले. अनुसयेनेही ते ऐकले आहे. ती आपले उजवे कोपर डाव्या हाताने धरून बसते, जणू ते कोणा दुसऱ्याचे आहे. मला विचारले, "मी कोणत्या कुशीवर होते, तुम्ही बघितलंत का?" मी म्हणालो, पाहिले नाही. ते खरे होते. पण मलाही तसेच वाटते, आणि ते तिला दिसले असावे.

सायंकाळी पुतळीअक्का तिला आपल्या घरी घेऊन गेली. कुडाच्या भिंती, सगळीकडून वारा. मी विरोध केला. तो कोणी ऐकला नाही.

शेगडी मी सांभाळतो आहे. बाहेरून कोळसा टाकतो आणि दार लावतो. पाणी पंचाहत्तर.

मंगळवार, ता. २४ डिसेंबर

पुतळीअक्का अनुसयेची लुगडी न्यायला आली. बाई तिथे तिसऱ्या दिवशी भाकरी मागून खाते, डोके दुखत नाही म्हणते, असे तिने सांगितले. नंतर दारात थांबली.

"मास्तर, धा-बारा दीस बाय त्या खोलीत निजली. प्वार निजलं. मासं निजलं. तुमी एक डाव तरी दार लावून बसलायसा काय?"

"सोयर होते."

"आता न्हाई."

नाताळची सुटी आहे. प्रश्न योग्य आहे आणि त्यास उत्तर देण्याची रीत मला ठाऊक आहे. हातात वही घेऊन आत बसतो. शेगडी नेहमीप्रमाणे आतच पेटवली. दार लावले, पोते सारले. पणती जमिनीवर. पुतळीअक्का बाहेर ओट्यावर सुपारी कातरीत बसली आहे.

११. पाणी ७४. नाडी ७०. हवा स्वच्छ वाटते, वास नाही.

११॥. पाणी ७५. कपाळावर थोडा दाब. चष्म्यामुळे असावा.

१२. पाणी ७५. डोके दुखते. ज्योत स्थिर. मासे वरच्या थरात, चपळ.

१२॥. मासे मोजले, चौतीस. पुन्हा मोजले, एकोणचाळीस. पिले हलतात म्हणून. कानांत ठोके.

१. पाणी ६७. कोळसा घालावा. उठायला हवे. बाजेवर थोडे टेकून मग

बुधवार, ता. २५ डिसेंबर

पुतळीअक्काने दार उघडून मला काखेत धरून अंगणात ओढले. तिथे मी ओकलो. ती सांगते, मी तिला "पणती जळते आहे, पणती जळते आहे" असे म्हणत होतो. पणती जळतच होती.

आज सकाळी कालचे पान वाचले. एक वाजता मी सदुसष्ट लिहिले आहे. गेल्या गुरुवारचा घोळ आठवून पुतळीअक्काने तेव्हाच उष्णतामापक बाहेर आणून ओट्यावर ठेवला होता. पारा खाली उतरू लागण्याआधीच, कोळसा घेऊन आलेल्या झिलूने तो पाहिला; त्याला आकडे येत नाहीत, म्हणून त्याने काचेवर कोळशाने रेघ ओढून ठेवली. रेघ शहात्तरावर आहे.

रसायनाचे जुने पुस्तक पेटाऱ्यातून काढले. कोळसा अपुऱ्या हवेत जळाला, तर कार्बानिक आम्लाखेरीज दुसराही एक वायू होतो. तो निळ्या ज्योतीने जळतो. त्याला रंग नाही, वास नाही. त्यात दिवा विझत नाही. तो हुंगणाऱ्यास आधी डोकेदुखी, मग गुंगी येते, आणि मृताचा वर्ण गुलाबी राहतो. सारे चार ओळींत आहे. त्या ओळींखाली पेन्सिलीची रेघ आहे. माझ्याच हातची, परीक्षेच्या वर्षाची.

झिलूला हा वायू ठाऊक नव्हता. त्याला फक्त काय करू नये ते ठाऊक होते.

चिखल फोडून झरोका उघडला. शेगडी अंगणात उपडी केली. पाणी सायंकाळी एकोणसत्तर. रामचंद्ररावांना लिहायला घेतलेले पत्र अर्धेच झाले होते, ते फाडले. पेटी उचलून परसात ओतून द्यावी म्हणून दोन्ही हात खाली घातले होते. ते तसेच काढून घेतले, कारण अनुसया अजून कोपर धरून बसली आहे आणि तिला आधी सांगायला हवे.

शुक्रवार, ता. २७ डिसेंबर

काल गेलो नाही. काल दिवसभर मी ते कसे सांगावे याची मांडणी करीत होतो: आधी ज्वलन म्हणजे काय, मग दोन वायू, मग रक्ताचा धर्म. तीन कागद झाले. आज कागद घरी ठेवून गेलो.

अनुसया पुतळीअक्काच्या अंगणात उन्हात बसून नाचणी पाखडीत होती. पुतळीअक्का उठून आत गेली. मी उभाच राहिलो.

मी म्हणालो, "ती तुझ्या अंगाखाली आली नाही. कोळशाने गेली. मी पेटवायला लावलेल्या कोळशाने. मी झरोका बुजवला म्हणून."

सूप थांबले.

"नक्की?" तिने विचारले.

"मी स्वतः आत बसून पाहिले."

तिने आपल्या कोपराकडे पाहिले. मग ते सोडले. बराच वेळ ती सुपातल्या दाण्यांवरून बोटे फिरवीत होती.

"झिलूनं सांगितलं होतं तुम्हाला. मी आतून ऐकलं होतं."

"होय."

"अक्कानं सांगितलं."

"होय."

"मीपण सांगितलं, झोप येते म्हणून."

"होय."

"मासे?" ती म्हणाली.

"जिवंत आहेत. चाळीस. मी ते आज ओतून टाकणार आहे."

तेव्हा ती पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहून बोलली. "ओतायचे नाहीत. एक माझ्या ओटीतून गेला तो तापानं, आणि एक गेली ती ह्यांच्यासाठी. आता हेही मेले, तर ती कशासाठी गेली म्हणून मी सांगू? तुम्हाला जगवायचे होते ना. जगवा."

मी विचारले, घरी कधी येशील. तिने सूप पुन्हा हाती घेतले. पुतळीअक्का आतून म्हणाली, "मास्तर, ऊन हाय तवर जावा आता."

शनिवार, ता. २८ डिसेंबर

झरोका उघडा, दार उघडे, शेगडी नाही. पेटी बाजेवर चढवली आणि मी तिच्या खिडकीच्या काचेला पाठ लावून, दोघांवर मिळून घोंगडी आणि दोन्ही गोधड्या घेऊन बसतो. माणसाच्या अंगाची उष्णता अठ्ठ्याण्णव अंश असते. ती मंद आहे आणि सतत आहे. आज पहाटे खोली सत्तावन्न, पाणी पासष्ट. दोन पिले गेली. मोठे मासे तळाशी आहेत, पण हलतात.

थंडी संक्रांतीनंतरही पंधरा दिवस राहते. म्हणजे अजून बत्तीस दिवस.